पोकी-पोकी पाणचट का होते?

प्रश्न: फिलिपिन्सच्या इलोकोस भागातली पोकी-पोकी केली, पण पाणी सुटलं. काय चुकलं?

उत्तर: बहुधा वांगं. भरताचं नको, लांब, सडपातळ जांभळी 4 घ्या. थेट आचेवर साल काळी होईपर्यंत भाजा, सोला, पण नळाखाली धुऊ नका. धुरकट चव तिथेच वाहून जाते. गर चाळणीत निथळू द्या. तेलात लसूण, कांदा परतून 2 टोमॅटो पार आटवा, मग ठेचलेला गर घाला. शेवटी 2 फेटलेली अंडी, मंद आचेवर, सतत हलवत. अंडं मऊ असतानाच उतरवा. मिठाऐवजी थोडं बागोओंग, म्हणजे तिथली आंबवलेल्या मासळीची खारट पेस्ट, चालतं. हळद-तिखटाचा मोह मात्र टाळा, नाहीतर आपलं भरीतच होईल! सोबत गरम भात.