स्कूटर कशी निवडावी? पिकअप आणि कंबर यांचा एक अभ्यास

आपल्या होस्टेलवर दोन विषयांवर रात्री दोनपर्यंत चर्चा चालू शकते. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. मेसच्या भाजीवर इतरांनी भरपूर लिहिलंय, म्हणून मी दुसरा विषय घेतो. पण या लेखाची सुरुवात गप्पांतून झालेली नाही, आईच्या फोनमुळे झालीये.

आई पाटण तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रात ए.एन.एम. आहे. चार वाड्या, दोन चढ आणि मध्ये जो काही रस्ता म्हणायचा तो, एवढं तिचं कार्यक्षेत्र. तिची जुनी स्कूटर बारा वर्षं चालली. मागच्या दिवाळीनंतर कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "मणक्यात गॅप आहे. एक तर गाडीचे धक्के कमी करा, नाहीतर बसून करायचं काम मागून घ्या." आता उपकेंद्रात बसून करायचं काम कुठलं? काम सगळं फिरण्याचंच! आई फोनवर एवढंच म्हणाली, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग कुठली गाडी घेऊ. पैसे एकदाच घालणार आहे मी."

तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला इंजिनिअर समजून प्रश्न विचारला होता. व्हायव्हाला सुद्धा इतका घाम फुटला नव्हता.

कागदावरचा पिकअप

मधल्या आकाराच्या स्कूटर म्हणजे ११० च्या वरच्या, साधारण १२५ ते १५५ सीसीच्या. बी विंगमध्ये विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "जास्त पीएसवाली घे!" म्हणून मी आधी पीएसकडेच बघितलं.

एक जोडी अभ्यासाला फार चांगली सापडली. टीव्हीएसची २०१८ ची एन्टॉर्क १२५ आणि त्याच कंपनीची २०२१ ची ज्युपिटर १२५. दोन्ही १२४.८ सीसी. दोन्हींचा जास्तीत जास्त टॉर्क १०.५ न्यूटन-मीटर. पण एन्टॉर्कला तीन व्हॉल्व्ह, ताकद सुमारे ९.४ पीएस आणि तो टॉर्क मिळतो ५५०० आरपीएमला. ज्युपिटरला दोन व्हॉल्व्ह, ताकद सुमारे ८.१५ पीएस, पण टॉर्क ४५०० लाच हाताशी येतो. म्हणजे इंजिनचा आकार तोच, पण एक वर पळण्यासाठी बांधलंय आणि दुसरं खालच्या फेऱ्यांवर ओढण्यासाठी.

कागदावर ताकदीत १५ टक्के फरक दिसतो. आता त्यात माणसं बसवा. गाड्यांची वजनं ११६ आणि १०८ किलो. दोघांचं मिळून १३० किलो धरलं, तर दर किलोमागच्या ताकदीतला फरक ११-१२ टक्क्यांवर येतो. चढावर आणि खड्ड्यात, जिथे तीसच्या पुढे काटा जातच नाही, तिथे वरच्या आरपीएमची ताकद वापरायला मिळते किती? गिअरलेस स्कूटरमध्ये बेल्ट आणि व्हेरिएटर मिळून गिअर आपोआप ठरवतात. त्यामुळे रोजच्या चालवण्यात जो 'पिकअप' आपल्याला जाणवतो, त्यात इंजिनाइतकाच व्हेरिएटरमधल्या रोलरच्या वजनाचाही हात असतो.

थोडक्यात, जास्त पीएसची गाडी वाईट नाही. पण ते पीएस कुठल्या रस्त्यावर खर्च होणार, हे आधी विचारायला हवं.

चाकाचं गणित

दुसरा सल्ला मिळाला, "दहा इंची चाक नको, बारा इंची घे. खड्डे जाणवतच नाहीत." हे मात्र मोजून बघता येतं. टायरवर ९०/१००-१० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ रुंदी ९० मिमी, उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिम दहा इंची. रिमचे २५४ मिमी अधिक दोन्हीकडचे ९०-९० मिमी, म्हणजे पूर्ण व्यास ४३४ मिमी. ९०/९०-१२ चा व्यास तसाच काढला तर ४६७ मिमी येतो. यामाहा एरॉक्स १५५ च्या पुढच्या ११०/८०-१४ चा ५३२ मिमी.

आता २० सेंमी रुंदीचा खड्डा घ्या. चाक त्यात किती उतरेल? त्रिज्येच्या वर्गातून खड्ड्याच्या निम्म्या रुंदीचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा आणि ते त्रिज्येतून वजा करा. दहावीचं पायथागोरस! उत्तरं अशी येतात :

दहा इंची : सुमारे २४ मिमी
बारा इंची : सुमारे २३ मिमी
चौदा इंची : सुमारे २० मिमी
मोटरसायकलचं १००/९०-१७ : सुमारे १७ मिमी

मी दोनदा करून बघितलं. दहा आणि बारा इंचांत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक! कारण दहा इंची टायर मुळात जाड असतो, त्यामुळे रिममधल्या दोन इंचांच्या फरकातला एक तृतीयांशाच्या आसपास भाग व्यासात गळून जातो. बारा इंची चाक चांगलं खरंच, पण त्याच्या नावावर जेवढं खपवलं जातं तेवढं नाही.

मग धक्का येतो कुठून?

याचं उत्तर स्कूटरच्या रचनेतच आहे. मोटरसायकलचं इंजिन चासीला बांधलेलं असतं, मागचं चाक तेवढं वरखाली होतं. स्कूटरमध्ये इंजिन, बेल्टची पेटी आणि मागचं चाक हा एकच गठ्ठा असतो. पुढे एका बिजागरीवर तो टांगलेला आणि मागे शॉकअपवर टेकलेला. खड्डा आला की चाकाबरोबर हा सगळा गठ्ठा उचलला जातो. सरांनी 'अनस्प्रंग मास' शिकवलं तेव्हा मी शेवटच्या बाकावर होतो, ते मला या निमित्ताने कळलं. हे वजन जितकं जास्त, आणि बिजागरीपासून जितकं लांब, तितका शॉकअपला ते आवरायला त्रास. त्यात आपण स्कूटरवर जवळजवळ मागच्या चाकावरच बसतो, म्हणून धक्का सरळ मणक्यात जातो.

पुढच्या बाजूला टेलिस्कोपिक शॉकअप असला तर हँडलचे हादरे कमी होतात. ११० सीसीच्या अ‍ॅक्टिव्हाला सुद्धा २०२० च्या ६जी मॉडेलमध्ये टेलिस्कोपिक आणि पुढे बारा इंची चाक आलं. पण कंबरेचा प्रश्न मागच्या शॉकअपचा आहे, आणि त्याबद्दल जाहिरातीत फारसं काही नसतं.

होस्टेल रोडवरचा प्रयोग

मग प्रयोग करायचं ठरलं. मित्रांच्या तीन गाड्या मागून घेतल्या. नावं लिहीत नाही, नाहीतर मालक मेसमध्ये शेजारी बसायचे नाहीत. होस्टेलच्या गेटसमोर जो गतिरोधक आहे, तो आपल्या सगळ्यांच्या कंबरेला माहीत आहेच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. तो ताशी २५ किमी वेगाने ओलांडला तर त्रास होऊ नये. आपला गतिरोधक फूटभर रुंद आहे. उंची मात्र मानकाप्रमाणे!

पायफळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा, ठरलेल्या वेगाने गतिरोधक ओलांडायचा आणि उरलेलं पाणी केमिस्ट्री लॅबच्या मोजपात्रात मोजायचं. प्रत्येक गाडीच्या पाच फेऱ्या. वॉचमनकाका म्हणाले, "अरे, पाणी टँकरने येतंय आणि तुम्ही सांडताय काय!"

तिसऱ्या गाडीचा निकाल सगळ्यांत वाईट आला. मी वहीत लिहूनही टाकलं, 'ही बाद'. मग लॅब असिस्टंट मामांनी सहज टायरवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "हवा बघितली का रे?" नव्हती बघितली. गेज लावला तर मागच्या टायरमध्ये पुस्तकात लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा. शिवाय मागचा शॉकअप डबलसीटसाठी सगळ्यांत कडक खाचेवर. हवा बरोबर केली, खाच सैल केली आणि पुन्हा पाच फेऱ्या मारल्या. तीच गाडी पहिली आली!

म्हणजे मी तीन गाड्यांची तुलना करत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तीन पंपवाल्यांची तुलना करत होतो. बाकी सगळ्या गोष्टी समान ठेवल्याशिवाय तुलना होत नाही, हे प्रॅक्टिकलच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं. आम्ही ते पान सिनिअरच्या फाईलमधून उतरवतो.

शोरूममध्ये

आता एक कबुली देतो. एवढं सगळं करून सुद्धा माझं मन एरॉक्सवर होतं. १५ पीएस, लिक्विड कूल्ड, चौदा इंची चाकं. खड्ड्याचं गणित तिच्याच बाजूने आहे, असं मी आईला पटवलं होतं. खरं कारण हे की सुट्टीत ती मी चालवणार होतो.

शोरूममध्ये आई तिच्यावर बसली. सीटची उंची ७९० मिमी, वजन १२६ किलो. आईची उंची पाच फूट, दोन्ही पायांची बोटंच कशीबशी टेकली. ती काही बोलली नाही. मग खाली बघून तिने विचारलं, "लसीचा डबा कुठे ठेवायचा?"

त्या गाडीला सपाट पायफळी नाही, मधल्या उंचवट्यात पेट्रोलची टाकी आहे. तरुण मुलाला पाय पसरून बसायला ती रचना छान आहे. पण आई लसींचा डबा बर्फाच्या पाकिटांसकट बारा वर्षं पायांमध्ये ठेवून नेतेय. मी त्या डब्याबरोबर लहानाचा मोठा झालो, आणि माझ्या अख्ख्या तक्त्यात डब्याचा रकानाच नव्हता.

शेवटी १२५ सीसीची, सपाट पायफळीची गाडी घेतली. कुठली ते लिहीत नाही, जाहिरातीची पानं संपादकांनी वेगळी ठेवलीयेत.

तुम्ही घेणार असाल तर

१. गाडी रोज चालवणाऱ्याला बसवून बघा, दोन्ही पाय टेकतात का? मेन स्टँडवर तिलाच किंवा त्यालाच लावायला सांगा.

२. ट्रायल गुळगुळीत रस्त्यावर नको, आणि एकट्याने नको. डबलसीट जाणार असाल तर डबलसीटच घ्या.

३. ट्रायलआधी दोन्ही टायरची हवा आणि मागच्या शॉकअपची खाच बघा.

४. रोजचं सामान बरोबर न्या. बॅग, सिलिंडर, डबा, काय असेल ते.

५. पीएस सगळ्यांत शेवटी बघा.

गाडी घेऊन पाच महिने झाले. गॅप गाडीने भरून येत नाही, आईचा पट्टा आणि व्यायाम चालूच आहे. पण बसून करायचं काम तिने मागितलेलं नाही. मागच्या रविवारी फोनवर मी विचारलं, "गाडी कशी आहे?" ती म्हणाली, "गाडी बरी आहे. रस्ता तोच आहे. सिव्हिलला कुणी मित्र असेल तर त्याला सांग."

तर सिव्हिलच्या मित्रांनो, पुढच्या अंकात तुमचा लेख येऊ द्या. तोपर्यंत ज्याला हवा तपासायची असेल, त्याने बी विंगमध्ये यावं. गेज माझ्याकडे आहे, फुकट आहे, फक्त परत आणून द्यायचा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी