दोन बोटं माया

लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी, २०१७ साली, सासूबाईंचं हातमशीन माळ्यावरून खाली उतरवलं. बॉबिन केसमधली जुन्या दोऱ्याची गुंतवळ काढली, तेल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी टीप पडायला लागली. तेव्हापासून नात, भाचरं, शेजारपाजार असं करत झबली, टोपडी, लाळेरी, दुपटी, परकर-पोलकी शिवत आले. मधे दोन वर्षं विकूनही पाहिलं. बहुतेक चुका करून झाल्यात, त्यातून हाती लागलं ते असं.

१. पहिलं झबलं जुन्या कापडाचंच.

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. मला हे खुळचट वाटायचं. मग एकदा कोऱ्या कापडाचा तुकडा आणि सासूबाईंचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं दोन्ही गालांना लावून बघितलं, आणि गप्प बसले. कोऱ्या कापडात खळ असते, ती दोन-तीन धुण्यांशिवाय जात नाही. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून नवं वापरायचंच असेल तर आधी भिजवून, वाळवून मगच बेतायचं.

जुन्याचीही गंमत आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, वाटलं होतं की अख्ख्या वाड्याला झबली होतील. खिडकीशी उजेडात धरलं तर बसायच्या जागेचं कापड गाळण्यासारखं झालेलं. धड होता तो पदराकडचा भाग आणि निऱ्यांच्या आतल्या घड्या. त्यात सहा झबली, चार लंगोट आणि एक दुपटं निघालं. हातात कातर घेण्याआधी कापड उजेडात धरायचं, हे तेव्हापासून.

२. तान्हं बाळ पाठीवर झोपतं.

इतकी साधी गोष्ट, पण मी सगळ्या झबल्यांचे बंद मागे लावले होते, कारण आमच्या लहानपणी तसेच असत. बाळाला न्हाऊ घालायला यायच्या त्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी झबलं उलटं करून माझ्यापुढे धरलं. “ताई, ही गाठ तुमच्या पाठीखाली ठेवून झोपा बरं रात्रभर.” सहाच्या सहा झबली उसवली आणि बंद पुढे, एका कुशीला घेतले. नाळ पडेपर्यंत लंगोटाची गाठही बेंबीच्या खाली हवी. आणि अगदी तान्ह्याच्या झबल्याची शिवण मी बाहेरच्या अंगाला ठेवते. दिसायला उलटं घातल्यासारखं दिसतं. येणारीजाणारी सांगते, “अहो, झबलं उलटं घातलंय.” सांगू दे.

३. छातीचं माप घेतलंत, डोक्याचं घेतलंत का?

नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर घेराचं असतं, छाती त्याहून थोडी कमीच. दोन्ही मापं जुळायला वर्ष जातं. मोठ्यांच्या पोलक्यांवर हात बसलेली बाई गळा सुबक, लहान कापते. माझा पहिला फ्रॉक नातीच्या कानांपाशी अडकला. वरून मी ओढतेय, खालून लेक, आत पोर किंचाळतेय. शेवटी कातरीने गळा चिरला. आता एक खांदा उघडा ठेवून तिथे दोन टिचबटणं लावते. गळ्याला पट्टी उरेबच हवी; उभ्या कापडाची लावली तर गळा ताठ राहतो, ताणला जात नाही.

४. टाचण्या मोजून घ्या, मोजून ठेवा.

दुपट्याचे थर धरायला १२ टाचण्या लावल्या होत्या. धावदोरा घालून झाला, डबीत भरताना ११. दुपटं झटकलं, हाताने चाचपलं, उजेडात धरलं, गादी उलटी केली. लेक म्हणाली, “अगं, मोजण्यातच चुकली असशील.” पण त्या दुपट्यात बाळ गुंडाळायचं होतं. रात्री अकरा वाजता संपूर्ण धावदोरा उसवला. टाचणी सापडली ती माझ्याच पदराला टोचलेली. तेव्हापासून रंगीत मण्यांच्या मोठ्या डोक्याच्याच टाचण्या वापरते.

५. काळं कापड घासून बघितल्याशिवाय घेऊ नये.

पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळं झबलं लागतंच. पुण्याच्या कापडगंजातून पॉपलिन आणलं, पांढऱ्या दोऱ्याने टिकल्या-टिकल्यांची नक्षी काढली. हलव्याचे दागिने वर खुलून दिसले. बोरं, चुरमुरे, ऊस डोक्यावरून ओतले, पोरांनी गलका केला. घामाघूम झालेल्या नातीचं झबलं काढलं तर काखा, मान, पोट निळंकाळं. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो यावर माझा विश्वास उरलेला नाही. हे कापड रात्रभर मिठाच्या पाण्यातच होतं. आता दुकानातच ओला पांढरा रुमाल कापडावर घासते. दुकानदार तोंड वाकडं करतो.

६. गळ्याशी नाडी नको.

कुंचीला गळ्याशी बंद असतात, आणि कुंचीइतकं देखणं दुसरं काही शिवल्याचं मला आठवत नाही. पण ती मांडीवरच्या बाळाला, आपण समोर असताना. रांगणाऱ्या पोराला नाही. युरोपातल्या मानकांत तर सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला टोपीशी किंवा गळ्याशी नाडी चालतच नाही. लाळेऱ्याला मी टिचबटण लावते. कुठे अडकलं तर ओढ बसून सुटतं.

७. माया सोडा.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. शिवणकाम शिकवणाऱ्या बाई “दोन बोटं माया सोडा गं” म्हणायच्या, आणि आम्ही कंजूषपणे अर्धं बोट सोडायचो. खणाच्या परकर-पोलक्याला मात्र कंजूषी परवडत नाही. गुळेदगुडचा खण पन्ह्याला मुळात लहान, आणि पोर वर्षात वीतभर वाढल्यासारखी वाटते. पोलक्याला काखेत माया, परकराला खालून दोन आडव्या दुमडी. दर दिवाळीला एक उसवायची. फक्त एक होतं: दुमडीच्या आतलं कापड गडद राहतं आणि उसवलं की तिथे पट्टा दिसतो. त्यावर तुळशीबागेतली जरीची किनार बसवायची. नातीचा एक परकर असा तीन वर्षं चालला, आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी विचारलं, नवीन का?

८. शिलाई आधी सांगा.

माल ठेवून घेऊन पैसे न देणारं दुकान मलाही भेटलं. पण जास्त लागलं ते ओळखीतल्यांचं “घरीच तर शिवता!” बेतणं, टीप, हाताने बंद आणि काजं धरून एका झबल्याला माझा दीड तास जातो. तेवढा हिशेब तोंडाने करायला मला दोन वर्षं लागली, तोवर विकायची हौस फिटली होती.

९. खिसा.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मी नेटच्या झालरीचा फ्रॉक शिवला होता. झालर काखेत टोचली, सगळ्या फोटोंत ती रडतेय. आता ती आठ वर्षांची आहे आणि स्वतःच्या अटी सांगते. झालर नको, बो नको, खिसा हवा. मुलींच्या तयार फ्रॉकना खिसा बहुधा नसतोच, असला तर दोन बोटं जेमतेम जातील असा. मी तिची मूठ कापडावर ठेवून खडूने भोवती रेघ मारते आणि वर चार बोटं वाढवते. गेल्या आठवड्यात धुवायच्या आधी खिसा उलटा केला: सात चिंचोके, खोडरबराचा तुकडा आणि माझी हरवलेली बॉबिन.