किती जमीन पुरेशी?
तुकड्यांच्या शेतीविषयींच्या एका जुन्या वादाचा अभ्यास

अर्थशास्त्र हा पेढीवाल्यांचा किंवा कॉलेजांतील पंडितांचा विषय आहे, असा आपणां शेतकऱ्यांचा सामान्य समज असतो. वस्तुतः ज्या वांटणीच्या प्रश्नावरून घरोघरीं भाऊ भावाशीं बोलेनासा होतो, त्याच प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घातलेला आहे. आणि त्या वादाचें एक मुख्य स्थान पुणें-मुंबईच होय. त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक अनुभव सांगतों. मी महसुलाकडे कारकून असतां एका गांवचे तीन भाऊ वांटणीचे कागद घेऊन आले. वडिलार्जित जमीन एकंदर १८ एकर. पैकीं ९ एकर काळी, ६ एकर मध्यम व ३ एकर बरड. जो तो काळींत वांटा मागूं लागला. अखेर प्रत्येक शेताचे तीन भाग करून प्रत्येकास ३, २ व १ मिळून ६ एकर देण्यांत आले. तीन शेतांचे नऊ तुकडे झाले. हिशेबांत एका गुंठ्याचीही चूक नव्हती. कागद माझ्याच हातून पुढें गेले, व आपण न्यायाचें काम केलें असें मला वाटलें. कांहीं वर्षांनीं त्या बाजूस जाण्याचा योग आला. बैलजोडी थोरल्याकडे, विहीर तिघांत सामाईक, मोटारीची दुरुस्ती कोणीं करावी यावर तंटा, आणि धाकट्याची बरड पडीक. प्रत्येकाचे सहा एकर कागदावर जसेच्या तसे होते. शेती मात्र मोडली होती. चूक कोठें झाली, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत घोळत आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेणारांत पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर पाहणी करून १९१७ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. जुन्या दप्तरांवरून त्यांना आढळलें कीं, १७७१ सालीं तेथें खातेदारामागें सरासरी सुमारें ४० एकर जमीन होती; ती १८१८ सालीं साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ च्या सुमारास सात एकरांवर आली. खातेदार १५६, तर जमिनीचे तुकडे सातशेंहून अधिक. व त्यांतील निम्म्याहून जास्त एका एकराच्या आंतले होते. कित्येक घरें जवळच्या खडकी येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मजुरीवर तग धरून होतीं.

याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे डायरेक्टर कीटिंग यांनीं ‘किफायतशीर धारणक्षेत्र’ ही कल्पना मांडिली. ज्या जमिनींतून खर्च वजा जातां शेतकरी कुटुंबाचा बऱ्यापैकीं निर्वाह होऊं शकेल, ती किफायतशीर. त्यांच्या १९१२ च्या ग्रंथांतील आदर्श असा : एका जागीं ४० ते ५० एकर बरी जमीन, तींत निदान एक चांगली विहीर, आणि शेतावरच घर. असें क्षेत्र एकदां बनलें म्हणजे तें पुन्हा फुटूं नये, एवढ्यासाठीं कायदा असावा, असें त्यांचें मत होतें.

या मतावर जोरदार आक्षेप घेतला तो डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं. १९१८ सालीं इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या त्रैमासिकांत त्यांनीं लहान धारणक्षेत्रांवर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, शेत किफायतशीर आहे कीं नाहीं हें घरांत खाणारीं तोंडें किती यावरून ठरवितां येत नाहीं. तें उत्पादनावरून ठरविलें पाहिजे. आणि उत्पादन केवळ जमिनीनें होत नाहीं. जमीन, श्रम व भांडवल यांचा मेळ बसावा लागतो. ज्याच्याजवळ बैल नाहींत, अवजारें नाहींत, बियाण्यास पैसा नाहीं, त्याला पांच एकरही जास्तच होतात. ज्याच्याजवळ हें सर्व आहे त्याला पांच एकर अपुरे पडतात. तेव्हां अमुक एकर म्हणजे किफायतशीर, असा आंकडा ठरविणेंच चुकीचें. उपलब्ध नांगर-बैलांच्या मानानें पाहतां शेतें लहान नसून उलट मोठीच आहेत, असेंही त्यांनीं दाखविलें.

मग तुकडे पडतात कां? वारसाचा कायदा हें मूळ कारण नव्हे, असें त्यांचें उत्तर होतें. दुसरा धंदा नसल्यामुळें सर्वांचा भार जमिनीवर पडतो, म्हणून जो तो तुकडा कां होईना, पण धरून राहतो. यास्तव देशांत उद्योगधंदे वाढवून शेतीवरील जादा माणसें तिकडे वळविणें हाच खरा उपाय; तें न करितां शेतें एकत्र केलीं तरी तीं पुन्हा फुटणारच.

१९२७ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत लहान धारणक्षेत्रांसंबंधीं बिल आलें, तेव्हां हा वाद ग्रंथांतून सभागृहांत गेला. डॉ. आंबेडकरांनीं बिलाला विरोध केला. वांटणीस बंदी केल्यास कांहीं वारस जमिनीस मुकतील व भूमिहीन होतील. त्यापेक्षां मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून शेती सहकारानें करावी, असें त्यांनीं सुचविलें. सर्व बाजूंनीं विरोध झाल्यामुळें तें बिल बारगळलें. तुकडेबंदीचा कायदा मुंबई राज्यांत झाला तो १९४७ सालीं.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें येथील कायद्यांचा प्रवाह निराळा. हैदराबादच्या १९५० च्या कुळकायद्यांत पुढें दुरुस्ती होऊन ‘कुटुंब धारणक्षेत्र’ आलें. पांच माणसांचें कुटुंब स्वतः कसून, उत्पन्नाचा निम्मा भाग खर्चापोटीं वजा जातां, वर्षास ८०० रुपये मिळवील एवढी जमीन, असें त्याचें माप होतें. वाचकांच्या लक्षांत येईल कीं हें माप कीटिंगच्याच वळणाचें, म्हणजे निर्वाहावरून ठरविलेलें आहे. तुकडेबंदीचा हैदराबादी कायदा १९५६ सालीं झाला. इतके कायदे होऊनही महाराष्ट्रांतील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होतें तें २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टरांवर आलें. सातबारावर जेथें तुकडा पाडतां येत नाहीं तेथें नांवें सामाईक राहतात आणि बांध मात्र जमिनीवर पडतात, हें आपण सर्वजण जाणतों.

याची दुसरीही बाजू आहे. १९६२ सालीं अमर्त्य सेन यांनीं मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’ पत्रांत, शेतीखर्चाच्या पाहण्यांच्या आधारें, लहान शेताचें दर एकरीं उत्पन्न मोठ्या शेताहून पुष्कळदां अधिक असतें हें पुढें आणिलें. घरचीं माणसें आपल्या श्रमाचा रोज मोजीत नाहींत, म्हणून लहान शेतांत मेहनत जास्त पडते. कांहीं पंडितांनीं लहान शेतांची माती व पाणी मुळांतच बरें असतें, असें त्यावर उत्तर दिलें. परंतु एकरामागें उत्पन्न अधिक म्हणजे माणसामागें अधिक असें नव्हे, हें विसरूं नये.

आतां या वादांतून आपण काय घ्यावें? माझ्या अल्पमतीप्रमाणें तीन गोष्टी.

पहिली : वांटणीपूर्वीं बांधांचा हिशेब करावा. ४०० फूट लांब व २१८ फूट रुंद असें दोन एकरांचें शेत लांबीच्या दिशेनें चौघांत वांटल्यास तीन नवे बांध पडतात. प्रत्येक बांध चार फूट रुंद धरिल्यास ४,८०० चौरस फूट, म्हणजे चार गुंठ्यांहून अधिक जमीन कोणाच्याच वांट्यास येत नाहीं.

दुसरी : प्रत्येक शेतांत वांटा मागण्याऐवजीं शेतांची किंमत ठरवून एकास एक सलग शेत द्यावें, व कमीजास्त रकमेनें पुरें करावें. ज्यास बरड जाईल त्यास काळीच्या मानानें जास्त एकर मिळाले पाहिजेत.

तिसरी व मुख्य : जमीन वांटली तरी विहीर, मोटार, अवजारें व पेरणीचा ट्रॅक्टर यांचा सामाईक वापर, पाण्याची पाळी व खर्चाचा वांटा लेखी ठरवावा, आणि मुलांपैकीं निदान एकास तरी दुसरा धंदा शिकवावा.

त्या तीन भावांच्या कागदांत मीं एकर व गुंठे मोजले, परंतु बैलजोडी कोणाची व मोटार कोण दुरुस्त करणार, हें विचारलें नाहीं. कायद्यानें तें माझें काम नव्हतें, हें खरें. पण त्या घरांत विचारणारा दुसरा कोणी नव्हता. वाचकांनीं आपल्या घरीं वांटणीचा विषय निघण्यापूर्वींच हा हिशेब एका कागदावर मांडून पाहावा, अशी विनंती आहे.