गवताच्या श्वासाचा जमाखर्च

माळ म्हटला की पडीक जमीन, असाच अर्थ आपल्या मनात चटकन येतो. झाडांनी हवा शुद्ध होते हे लहान मूलही सांगेल. गवताबद्दल तसे कोणी म्हणत नाही. वास्तविक पृथ्वीवरील जमिनीचा फार मोठा हिस्सा गवताने व्यापला आहे, आणि गवताने हवेतून घेतलेल्या कर्बाचा बराच भाग मुळांत व मातीत, म्हणजे नजरेआड, साठतो. अलीकडे या साठ्याबद्दल जमीनधारकांना मोबदला देण्याच्या योजनाही निघाल्या आहेत. पैसा द्यावयाचा तर माप चोख हवे. ते कसे घेतात आणि चूक कोठे शिरते, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

दिवसा उन्हात गवत कर्बद्विप्राणील वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, शोषून घेते. पण वनस्पतीचा श्वासोच्छ्वास अहोरात्र चालू असतो आणि मातीतील सूक्ष्म जीवही कुजका पाला पचवून तोच वायू बाहेर टाकतात. जमा मोठी, खर्चही मोठा. हाती राहते ती लहानशी शिल्लक.

गवतावर पेटी उपडी ठेवून आतील वायू किती वाढला वा घटला हे पाहणे, ही एक साधी रीत. परंतु पेटीने हातभर जागेचाच हिशेब कळतो, शिवाय आतला वारा थांबतो. दुसरी रीत वाऱ्याचाच उपयोग करून घेणारी आहे. माळावरचा वारा सरळ वाहत नाही. त्यात लहानमोठे भोवरे असतात. त्यांतून हवेचा एक लोट खाली येतो, दुसरा वर जातो. दिवसा खाली येणाऱ्या लोटात कर्बवायू किंचित अधिक, तर गवताला शिवून वर जाणाऱ्यात किंचित कमी असतो. खांबावर दोन यंत्रे बसवितात. एक ध्वनिलहरींच्या साह्याने वाऱ्याची वरखाल गती मोजते, दुसरे अवरक्त किरणांनी वायूचे प्रमाण सांगते. सेकंदाला दहा ते वीस वेळा दोन्ही नोंदी घेऊन अर्ध्या तासाचा हिशेब करतात. ऑस्ट्रेलियात स्विनबँक यांनी १९५१ साली उष्णता व बाष्प यांसाठी ही रीत मांडली. कर्बवायूसाठी पुरेशी चपळ यंत्रे मिळण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

अमेरिकेच्या कान्सास राज्यात मॅनहॅटन गावाजवळ (हे न्यूयॉर्कचे मॅनहॅटन नव्हे) उंच गवताची कुरणे आहेत. चुनखडीच्या खडकाळ भूमीमुळे ती नांगरापासून वाचली. १९८७ साली तेथे मोठा प्रयोग झाला. त्यात नेब्रास्का विद्यापीठाचे शशी वर्मा व त्यांचे सहकारी जून किम यांनी सुमारे सहा महिने मोजणी केली. जुलैच्या आरंभी ऐन दुपारी एक चौरस मीटर कुरण सेकंदाला १.३ मिलिग्रॅम वायू शोषीत होते. आकडा क्षुल्लक वाटेल, पण हेक्टरी हिशेब केला तर ताशी सुमारे ४७ किलो होतात! त्याच सुमारास रात्री ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे हेक्टरी ताशी सुमारे १४ किलो, वायू बाहेर पडत होता. पुढे पाऊस ओढला. जुलैअखेर दुपारची जमा जवळजवळ शून्यावर आली, पण रात्रीचा खर्च निम्म्याने चालूच राहिला. एकाच महिन्यात एकच कुरण सावकाराचे ऋणको झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

खरी गोम रात्रीत आहे. वारा पडला की भोवरे मावळतात. माती श्वास टाकीतच असते, पण तो वायू खांबापर्यंत न चढता जमिनीलगत साचतो किंवा उतारावरून वाहून जातो. यंत्र मात्र खर्च नाही असे दाखविते. समजा, वरील चौदा किलोंपैकी निम्मेच नोंदले गेले, तर नऊ तासांच्या रात्रीत हेक्टरी साठाहून अधिक किलोंची खोटी शिल्लक दिसेल. रोज थोडे चुकणारे माप वर्षभरात भलताच निर्णय देते. म्हणून निवांत रात्रींच्या नोंदी बाजूला काढतात आणि वारा असलेल्या रात्रींवरून, तापमान पाहून, त्या जागा भरतात. हा भाग मापाचा नसून अनुमानाचा आहे. कोणी आपणांस कुरणाच्या शिल्लकीचा आकडा सांगितला, तर रात्री कशा धरल्या, हा प्रश्न आम्ही तरी प्रथम विचारू.

आणखी एक खर्च खांबाच्या नजरेतून निसटतो. ही कुरणे वसंतात मुद्दाम जाळतात. आगीत गेलेला कर्ब यंत्राने नव्हे, तर जाळण्यापूर्वी गवत कापून, वाळवून, तोलून काढावा लागतो. ओक्लाहोमातील तशाच कुरणावर १९९७ पासून बारमाही मोजणी झाली. तीत जाळणीचा कर्ब धरताच पहिल्या वर्षाची शिल्लक शून्याच्या आसपास उतरली. कापून नेलेला चारा आणि चरून विकलेली गुरे यांचीही नोंद अशीच काट्यावर करावी लागते. खांबावरच्या यंत्राला ती दिसत नाहीत.