कायदा झाला, मग 2024 ला महिला आरक्षण का नव्हते?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. संसदेसाठीही 2023 मध्ये कायदा झाला. तरी पुढच्याच वर्षी लोकसभेला राखीव जागा का नव्हत्या?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : अडसर कायद्याच्याच अटीत होता. 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही तोच वाटा ठेवला. मात्र अंमलबजावणी जोडली ती कायद्यानंतरच्या पहिल्या जनगणनेला आणि तिच्या आधारे होणाऱ्या मतदारसंघ पुनर्रचनेला. 2024 पर्यंत यातले काहीच झालेले नव्हते. राज्यसभा आणि विधान परिषदेला तर हे आरक्षण लागूच नाही.

पंचायतींसाठी अशी अट नव्हती. 73 व्या दुरुस्तीने 1993 पासून किमान एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले.

2024 मध्ये लोकसभेच्या 543 जागांवर 74 महिला निवडून आल्या, म्हणजे 14 टक्क्यांहूनही कमी. खरे तर जास्त महिलांना तिकीट द्यायला पक्षांना कायद्याची वाट पाहावी लागत नाही. 2019 मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने 21 पैकी 7 उमेदवाऱ्या महिलांना दिल्या. त्यातल्या 5 जणी जिंकल्या. म्हणून तुमच्याकडे मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला विचारा : यादीत महिला किती, आणि त्यातल्या जिंकण्याजोग्या जागांवर किती?