मुलं शाळेत गेल्यावर लिहिलेलं गाणं

सांगली

चि. सोनूस,


तुझं गाणं ऐकलं. चाल छान बसली आहे, मधला गिटारचा तुकडा तर फारच गोड. शब्दांबद्दल विचारलंस म्हणून हे पत्र, कारण फोनवर मी तुझं कौतुक करून मोकळा झालो असतो. तीन कडव्यांत आयुष्य, माणुसकी, नाती आणि खरं सुख हे सगळं येऊन गेलं, पण एकही माणूस आला नाही. हे सगळं तू कुणाला सांगते आहेस? ‘सगळ्यांना’ असं उत्तर देऊ नकोस. सगळ्यांना सांगायला निवडणुकीतली रिक्षा आणि तिच्यावरचा भोंगा असतो.

तुला सध्या अमेरिकन कंट्री संगीताचं वेड लागलंय, तर त्याच घराण्यातल्या एका गाण्याबद्दल सांगतो. टिम मॅकग्रॉचं ‘हम्बल अँड काइंड’ तू ऐकलंच असशील. ते लिहिलं लॉरी मॅकेनानं. ही बाई नॅशव्हिलची नाही. तिचं घर बॉस्टनच्या दक्षिणेला, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टोटन गावात. लवकर लग्न, पाच मुलं. गाणी लहानपणापासून लिहीत होती, पण चारचौघांत म्हणायला उभी राहिली ती विशी सरत आल्यावर, आसपासच्या छोट्या कॅफेंमध्ये, जेव्हा कुणीही नाव देऊन गाऊ शकतं अशा रात्री. 2005 मध्ये गायिका फेथ हिलनं ‘फायरफ्लाइज’ अल्बमसाठी तिची गाणी उचलली. अल्बमचं नावच मॅकेनाच्या गाण्याचं. तेव्हापासून नॅशव्हिलच्या वाऱ्या सुरू झाल्या, पण बिऱ्हाड स्टोटनलाच राहिलं.

नॅशव्हिलमध्ये गाणी कशी होतात, हे तुला माहीत असायला हवं. सकाळची वेळ ठरवून दोघं-तिघं गीतकार प्रकाशकाच्या खोलीत गिटारी घेऊन बसतात. कुणाकडे एखादी ओळ असते, कुणाकडे नुसतं शीर्षक. दुपार कलेपर्यंत गाणं उभं राहतं, फोनवर कच्चं रेकॉर्ड होतं, आणि मग ते गायक शोधत फिरतं. ही पद्धत मी हलकी मानत नाही. मॅकेनाचंच ‘गर्ल क्रश’ हिलरी लिंडसी आणि लिझ रोझ या मैत्रिणींबरोबर झालं, आणि काय गाणं आहे ते! पण ‘हम्बल अँड काइंड’ तिनं एकटीनं लिहिलं. मुलं शाळेत गेली होती आणि ती घरी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पाचही मुलांना जे जे सांगायचं, ते एकदा सांगून झालेलं असावं, एवढाच हेतू होता, असं तिनं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

म्हणजे गाणं काय आहे, तर यादी. यादीचं गाणं सोपं वाटतं आणि तिथेच बहुतेकांची फजिती होते, कारण सगळी कसोटी क्रमाची असते. कशाच्या शेजारी काय बसवलं, ते तिच्या गाण्यात बघ. चोरी नको, खोटं नको, हे कुठल्याही शाळेच्या भिंतीवर असतं. पण त्याच यादीत उकाड्यात आईसकांडी खाणं आहे, गाडीचा एसी बंद करून काचा खाली करणं आहे. मोठ्या उपदेशाच्या मांडीला मांडी लावून अशी क्षुल्लक गोष्ट बसली की मोठा उपदेशही घरातला वाटायला लागतो. चर्चला जा म्हणते, पण कारण देवाधर्माचं देत नाही, आई सांगते म्हणून जा म्हणते. आजोबांना भेटत जा म्हणते आणि तो वेळ वाया जाणार नाही, असा भरवसाही देते. पोरांच्या मनात काय चाललेलं असतं, ते तिला ठाऊक आहे.

मला सगळ्यात आवडते ती दाराशी ठेवलेल्या किल्लीची गोष्ट. पायपुसण्याखाली किल्ली आहे हे विसरू नकोस, एवढंच ती सांगते. ‘मी तुझी वाट बघेन’, ‘हे घर कायम तुझंच आहे’, यातलं काही म्हणत नाही. तुझ्या दुसऱ्या कडव्यात ‘घर म्हणजे प्रेमाची सावली’ आलं आहे. त्या सावलीत मला बसता येईना, कारण तिथे दार नाही, उंबरा नाही, कुलूपही नाही.

गाणं निर्दोष आहे असं मात्र समजू नकोस. डोंगर चढायचे आहेत, स्वप्नं बघायची आहेत, असलं ठरीव सामानही त्यात आहे आणि तिथे ते जरा सैल पडतं. पण लगेच एखादी किल्ली, एखादे आजोबा येतात आणि त्याला सावरून घेतात.

मॅकग्रॉनं ते 2015 च्या ‘डॅम कंट्री म्युझिक’ अल्बममध्ये घेतलं आणि 2016 च्या जानेवारीत ते सिंगल म्हणून बाहेर आलं. तो फेथ हिलचा नवरा आणि तीन मुलींचा बाप. थोरली त्याच सुमारास कॉलेजसाठी घराबाहेर पडली होती. आईनं लिहिलेले शब्द इथे बापाच्या तोंडी आले आणि त्यानं ते बदलले नाहीत. ‘आई सांगते म्हणून’ हे बाप म्हणतो तेव्हा स्वयंपाकघरात कुणीतरी उभं आहे असं वाटतं. गातानाही तो आवाज चढवत नाही, बोलल्यासारखा गातो. मॅकेनाचं स्वतःचं रूप 2016 च्या ‘द बर्ड अँड द रायफल’ अल्बममध्ये आहे. ते जास्त उघडं आणि जास्त थकलेलं. तू आधी तेच ऐक. पुढे 2017 मध्ये सर्वोत्तम कंट्री गाण्याचं ग्रॅमी तिला मिळालं. आदल्या वर्षी तेच ‘गर्ल क्रश’ला मिळालं होतं.

याच मॅकग्रॉचं याच विषयावरचं आणखी एक गाजलेलं गाणं म्हणजे 2004 चं ‘लिव्ह लाइक यू वर डाइंग’. टिम निकल्स आणि क्रेग वाइझमन या दोघांनी ते रचलं. मॅकग्रॉचे वडील, बेसबॉलपटू टग मॅकग्रॉ, त्याच वर्षी जानेवारीत मेंदूच्या कर्करोगानं गेले होते, त्यामुळे त्या गाण्याला धार आली. तिथे मरण समोर आल्यावर माणसाला महत्त्वाचं काय ते उमगतं. मॅकेनाला त्यासाठी शाळेची एक सकाळ पुरली. नवीन लिहिणाऱ्यानं दुसरी वाट धरावी, असं माझं मत आहे. मरण आणलं की ऐकणारा आपोआप गंभीर होतो आणि गीतकाराचं निम्मं काम फुकटात होतं. तुझ्या तिसऱ्या कडव्यातली चिता काढून टाक.

आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या तू वाचल्यास तर बरं होईल. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, त्या आता ऐकायलाही मिळतात. लेकीला, भावाला, विठ्ठलाला उद्देशून बायका दळता दळता गायल्या. ‘सगळ्यांना’ म्हणून त्यांत फारसं काही सापडायचं नाही.

आता कामाचं. तुझा भाऊ चिनू जूनमध्ये होस्टेलला चाललाय. त्याला सांगायच्या गोष्टींची यादी कर, चाल डोक्यात न ठेवता, रोजच्या भाषेत. फोन उचलत जा, आंघोळीची बादली नळाखाली ठेवून झोपू नकोस, पैसे संपले तर आधी मला सांग, बाबांना नको, असं काहीही. मग त्यातलं जे तू इतर कुणालाही म्हणू शकली असतीस, ते खोडून टाक. उरेल त्यातल्या दोन-चार ओळी चालीवर येतील, बाकीच्या नाही आल्या तरी चालेल. आणि ज्यावर तो चिडून ‘ताई, गप्प बस’ म्हणेल, अशी एक तरी गोष्ट त्यात राहू दे.

ध्रुवपदाची घाई करू नकोस. चाल मला आवडली आहे, ती कुठे पळून जात नाही. नवे शब्द झाले की रेकॉर्डिंग न पाठवता गिटारशिवाय फोनवर म्हणून दाखव. रात्री नऊनंतर कर, त्याआधी मी फिरायला गेलेला असतो.

ताईला सांग, भाजणी पोचली. दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा