ग्लोबल सर्जरीत संशोधन करायचंय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेत मिळत नाही, असं लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये मांडलं. ती का मिळत नाही, हे शोधणारं काम म्हणजे ग्लोबल सर्जरी. या कामाला आपल्या तालुक्यांत वावरलेले सर्जन हवेत. पण ‘परदेशी पदवीशिवाय इथे शिरकाव नाही’ या समजापोटी अनेक रेसिडेंट सुरुवातच करत नाहीत. खरं तर पहिली दोन-तीन वर्षं खिशाला फारशी झळ लागत नाही.

एमएस करताना : जवळपास मोफत

आयसीएमआरचा ‘बीसीबीआर’ हा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. परीक्षेला साधारण १,००० रुपये लागतात. तो सक्तीचा आहेच, तर मन लावून करा. क्लिनिकल ट्रायलची सीटीआरआय नोंदणी विनाशुल्क होते. मात्र ती पहिला रुग्ण घेण्याआधी करा. आकडेमोडीला ‘आर’ आणि संदर्भांसाठी ‘झोटेरो’ फुकट मिळतात. सरकारी कॉलेजात असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून कोणती जर्नल्स उघडतात, हे ग्रंथपालांना विचारा.

सर्वांत मोठी संधी म्हणजे तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी. उघड्या फ्रॅक्चरचा रुग्ण किती तासांनी पोहोचला? वाटेत किती दवाखाने झाले? उपचारासाठी घरच्यांनी काय विकलं? एथिक्स कमिटीची परवानगी आधीच काढली, तर याच प्रश्नांवर उत्तम थीसिस उभी राहते.

मोठ्या अभ्यासात सहभाग : पैसे नाहीत, कष्ट भरपूर

‘ग्लोबलसर्ज’सारख्या बहुकेंद्री अभ्यासांत सहभागाचं शुल्क नसतं; माहिती गोळा करणाऱ्यांची नावं सहयोगी म्हणून छापली जातात. ‘चीता’ या चाचणीत भारतासह सात देशांतले १३,३०१ रुग्ण होते. पोट शिवण्याआधी हातमोजे आणि उपकरणं बदलली, तर जखमेतला संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर येतो, हे तिने २०२२ मध्ये दाखवलं. इतका साधा प्रश्न तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्येही सापडेल.

प्रकाशन : इथे सावध राहा

ओपन ॲक्सेस जर्नल दोन-तीन हजार डॉलर सहज मागतं आणि गरीब देशांसाठीची सूट भारताला बहुधा लागू होत नाही. ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’सारख्या वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये नेहमीच्या मार्गाने छापायला लेखकाला पैसे पडत नाहीत. ‘आठवड्यात छापून देतो’ असा ईमेल आला की तो पुसून टाका. थीसिस विकत लिहून घेणं किंवा लेखकांच्या यादीत पैसे देऊन नाव घुसवणं म्हणजे रुग्णांशी बेइमानी आहे.

पदवी : खरा मोठा खर्च

हार्वर्ड किंवा जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीचं, म्हणजे एमपीएचचं, नुसतं शिक्षणशुल्कच पन्नास लाख रुपयांच्या पुढे जातं. ब्रिटनला जायचं तर फी आणि व्हिसाशिवाय वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार वेगळा. म्हणून आधी शिष्यवृत्ती शोधा : चेव्हनिंग, फुलब्राइट-नेहरू, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर परतून दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. देशातच शिकायचं तर मुंबईची टिस आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आहेत.

बुडणारी कमाई विसरू नका. पदवीच्या काळात सर्जनचा पगार थांबतो आणि कर्जाचं व्याज चालू राहतं. सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष बाकी असेल तर ते आधी पूर्ण करा. उपजिल्हा रुग्णालयातलं ते वर्ष पुढच्या संशोधनाला प्रश्न पुरवील.

कर्जाचा अर्ज भरण्याआधी

हातात तीन गोष्टी हव्यात : एक पूर्ण झालेला अभ्यास, पुढेही वेळ देणारा मार्गदर्शक आणि दोन वाक्यांत सांगता येईल असा प्रश्न. त्या नसतील तर वर्षभर थांबा. त्या असतील, तर घरच्यांना हिशेब दाखवा आणि निर्धास्त अर्ज करा.